शिरोडकरांचे बेडूक

रमाकांत शिरोडकर समोरच्याचं वाक्य पूर्ण करतात. करतात ते करतात, वर चुकीचं करतात.

"काका, काल तुम्ही बाजारात तुमची—"

"पिशवी विसरलो. कळलं. असू दे, घरी ढीगभर आहेत."

मला सांगायचं असतं की त्यांची छत्री राहिली होती आणि ती मी आणली आहे. तोवर लिफ्टचं दार मिटलेलं, काका खाली गेलेले आणि छत्री माझ्या हातात. ती छत्री द्यायला मला तीन दिवस लागले, कारण तिन्ही दिवस ते पिशवीचंच बोलत होते.

माझी नोकरीची मुलाखत त्यांनीच घेतली होती. मी नाव सांगितलं, "मुग्धा", आणि पुढचं सगळं तेच बोलले. "डोंबिवली? नाही, ठाणे. नाही? बरं, डोंबिवली. क्वालिटीत पाच वर्षं. म्हणजे सहा." मी मान हलवत राहिले. बाहेर आल्यावर नवऱ्याला फोन करून म्हटलं, की फार छान झाली, मला एकही प्रश्न अवघड गेला नाही.

सिंगापुरात आंग मो किओच्या ज्या कंपनीत आम्ही आहोत तिथे सर्किट बोर्ड बनतात. शिरोडकर क्वालिटी मॅनेजर, मी त्यांच्या हाताखाली. ऑफिसात सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, चिनी पोरं त्यांना बिनदिक्कत 'रामा' म्हणतात. माझ्या तोंडून ते कसं यावं? मी ऑफिसात 'सर' म्हणते. दोनदा गाडी बदलून संध्याकाळी पुंगोलला उतरलो की 'काका'. आम्ही एकाच इमारतीत राहतो, मजले वेगळे.

खालच्या फूड कोर्टात ते रोज बिनसाखरेची, बिनदुधाची काळी कॉफी पितात आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करतात. मी एकदा विचारलं, आवडत नाही तर पिता कशाला? तर म्हणे वीस वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी कॉफीवाल्या बाईंचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत आपण 'येस, येस' म्हणालो. आता बाई लांबून बघूनच कप भरतात. बदलायची लाज वाटते.

हे झालं घाईचं. दुसरं वेड 'पाच का'चं. आमच्या धंद्यात एखादा बोर्ड बिघडला की नुसतं 'बिघडला' म्हणून भागत नाही. का बिघडला? सोल्डरिंगचा टाका सुटला. का सुटला? उष्णता कमी पडली. का कमी पडली? असं पाच वेळा 'का' विचारत मुळापर्यंत जायचं. पाच रकान्यांचा फॉर्म असतो. खाली 'उपाययोजना', त्याखाली 'तपासलं' म्हणून दुसऱ्या कुणाची तरी सही, आणि सर्वांत खाली 'प्रत कोणाला'. पद्धत चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही. पण शिरोडकर ती पोळी करपली तरी लावतात. एकदा माझ्याकडचा आमटीचा वाडगा खारट निघाला, तर दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्यांनी मला चौथ्या 'का'पर्यंत नेलं. पाचव्याला माझा मजला आला म्हणून वाचले.

तर असा हा माणूस गेल्या वर्षी अचानक मासे पकडायला लागला.

मूळचे वेंगुर्ल्याचे. सुरमई, बांगडा जीव की प्राण, पण मासा बाजारातून आणायचा आणि तव्यावर टाकायचा, एवढंच त्यांना माहीत होतं. एका शनिवारी त्यांच्या घरी गेले तर ओट्यावर स्टीलचा गोल मिसळणाचा डबा उघडा. सात वाट्या. मोहरी, हळद, जिरं असं काही दिसेल म्हणून डोकावले आणि किंचाळले. सातही वाट्यांत बेडूक बसलेले होते. रबरी.

"घाबरलीस? म्हणजे हुबेहूब आहेत," काका खूश होऊन म्हणाले. "वृंदा इथे नाही तोवर डबा मोकळाच आहे."

वृंदाकाकू दोन वर्षं वेंगुर्ल्याला आहेत. त्यांच्या आईने अंथरूण धरलंय. तेव्हापासून काका फोडणीऐवजी ताटात वरून तेल घेतात.

मग बेडकाचं व्याख्यान झालं. आमच्या पुंगोलच्या जलाशयात ठरावीक पट्ट्यातच मासेमारी चालते आणि जिवंत आमिषाला बंदी आहे. म्हणून हा पोकळ रबरी बेडूक. पोटाखालून निघून पाठीला चिकटलेले दोन गळ, त्यामुळे पाण्यातल्या वेलींवरून ओढला तरी अडकत नाही. मागे पायांच्या जागी रबरी झिरमिळ्या. काका मिशीच्या कात्रीने प्रत्येक बेडकाचा एक पाय थोडा आखूड करतात. तसं केलं की तो पाण्यावर डुलत, डावी-उजवीकडे वळत चालतो. ते पाहून खालून पीकॉक बास येतो. शेपटीवर मोराच्या पिसासारखा डोळा असलेला हा तगडा मासा वर येऊन पाणी फोडतो आणि बेडकाला गिळतो.

"किती पकडले?"

"एकही नाही," काका शांतपणे म्हणाले. "रिपोर्ट मात्र आहेत."

आणि खरंच होते. सुटलेल्या प्रत्येक माशाचा एक. पाच 'का', उपाययोजना, सगळं. 'तपासलं'पुढे जागा रिकामी. दुसऱ्या माणसाच्या सहीशिवाय रिपोर्ट पुरा होत नाही आणि पुंगोलात तो फॉर्म समजणारी दुसरी व्यक्ती म्हणजे मी. अशी मी सुटलेल्या माशांची तपासनीस झाले. दर सोमवारी गाडीत रिपोर्ट हातात. मी आपली वाचून सही करायची. कागद त्यांनी मराठीत केले होते, कारण ऑफिसचा फॉर्म खासगी कामाला वापरणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. भाषा बदलली की फॉर्म खासगी झाला, असा त्यांचा हिशेब.

सुरुवातीच्या रिपोर्टांत दोष वाऱ्याचा होता. मग दोऱ्याचा. मग बेडकाच्या रंगाचा. एका रिपोर्टात तर शेजारून गेलेल्या सायकलवाल्याचा.

"काका, सही करते, पण मला हे पटत नाही," मी एकदा म्हटलं.

"जागेवर येऊन बघ मग. न बघता सही करायची नाही, हा आपला नियमच आहे."

आपला म्हणजे त्यांचाच. तरी रविवारी सकाळी गेले. काठावर अंकल रहीम घडीच्या स्टुलावर बसलेले. निवृत्त लॉरी ड्रायव्हर, जलाशयावर वर्षानुवर्षं येणारे. त्यांनीच काकांना बेडकाचा नाद लावला. काकांनी रॉड मागे नेला, बेडूक लांब वेलींवर टाकला आणि टोक हलवत त्याला चालवू लागले. सुरेख चालत होता हो! आखूड पायाने लचकत, मध्येच थांबत. मला वाटलं, मीच गिळेन.

आणि धप्पकन पाणी फुटलं. त्याच क्षणी काकांनी सगळं अंग मागे टाकून असा झटका दिला की बेडूक हवेतून उडत आला आणि माझ्या ओढणीला अडकला. मासा गायब.

अंकल रहीम हसून हसून लाल झाले. "यू टू फास्ट, ला! फिश ओपन माउथ ओन्ली, यू ऑलरेडी पुल!" मग मला समजावलं. मासा उडी मारतो तेव्हा बेडूक त्याच्या तोंडात नीट गेलेला नसतो. थांबायचं. त्याला तोंड मिटू द्यायचं, खाली जाऊ द्यायचं, दोरा ताणू द्यायचा. सातू, दुआ, तिगा. मलायमध्ये एक, दोन, तीन. मग ओढायचं. बाकीच्या मासेमारीत चपळाई लागते, बेडकाच्या मासेमारीत जो आधी ओढतो तो हरतो.

मी ओढणीतून गळ सोडवत म्हटलं, "काका, सगळं सोडून तुम्ही हाच खेळ कसा निवडलात? हा तर तुमच्या—"

"स्वभावाविरुद्ध. हो."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं वाक्य बरोबर पूर्ण केलं होतं.

त्या दिवशी परतताना ते मला वर घेऊन गेले, ओढणीचं नुकसान झालं म्हणून लिंबाचं सरबत द्यायला. लिंबू काढायला मी फ्रीजपाशी गेले. दारावर चुंबकाखाली एक कागद होता. पाच रकान्यांचा. वर लिहिलेलं: 'समस्या: गार्गीने नोकरी सोडली.'

गार्गी त्यांची एकुलती एक. चोवीस वर्षांची. बँकेतली चांगली नोकरी सोडून तिने बालवाडीची शिक्षिका व्हायचं ठरवलं होतं, एवढं मला उडत उडत कळलं होतं. ती हल्ली पासिर रिसला खोली घेऊन राहते, हेही. मला वाटलं, शाळा तिकडे असेल.

कागदावर चार 'का'ची उत्तरं होती. ती सांगत गेली, यांनी लिहिली. पाचव्या रकान्यातलं उत्तर लिहून मग खाडाखोड केलेलं. तरी वाचता येत होतं: 'अनुभवाचा अभाव.'

"जेवणाच्या टेबलावर बसवून केला हा," काका माझ्याकडे न बघता लिंबू कापत म्हणाले. "चार उत्तरं तिने दिली. पाचव्याला ती जरा थांबली. विचार करत होती. मी भरून टाकलं. म्हणाली, 'बाबा, आय वॉज स्टिल टॉकिंग.' मग आत जाऊन बॅग भरली."

मला राग आला खरं तर. अहो, पोटच्या पोरीला कुणी फॉर्मवर बसवतं का? म्हणणारच होते, पण त्यांनी सरबतात साखरेऐवजी दोनदा मीठ घातलं आणि मी ते तसंच प्यायले.

"सिंगापुरात माणूस रुसून जाऊन जाऊन जाणार किती लांब," ते म्हणाले. "बसने पाऊण तासही नाही. पण एक वर्ष झालं, ती आली नाही. दर रविवारी साडेपाचला मी फोन करतो. वृंदा म्हणते, तिला बोलू द्या. मी प्रयत्न करतो गं. जमत नाही. म्हणून हा बेडूक. माशासमोर तीन आकडे थांबता आलं ना, तर तिच्यासमोरही येईल."

म्हणजे हा माणूस वर्षभर मासा पकडतच नव्हता. तालीम करत होता.

तो साडेपाचचा फोन पुढे एकदा माझ्यादेखत झाला. मी सही केलेला रिपोर्ट द्यायला गेले होते. फोन स्पीकरवर होता.

"हॅलो बाबा. बाबा, मी जरा—"

"कामात आहेस. कळलं, कळलं. ठेव. तब्येत सांभाळ." आणि ठेवलासुद्धा! मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नेहमी कामात असते बिचारी."

"काका, ती कामात आहे असं म्हणाली का?"

काकांचे ओठ हलत होते. सातू, दुआ, तिगा. पण फोन आता बंद होता, त्याचा काय उपयोग!

हे मोजणं पुढे ऑफिसातही सुरू झालं. मीटिंगमध्ये कुणी काही विचारलं की काका समोर बघत पुटपुटायचे. चिनी पोरं घाबरली, रामाला काही झालंय का म्हणून मला विचारून गेली. मी म्हटलं, काही नाही, मासा येतोय.

रिपोर्टही बदलले. वारा गेला, रंग गेला. पाचव्या रकान्यात दर आठवड्याला एकच: 'मूळ कारण: रमाकांत शिरोडकर.' उपाययोजना: 'थांबणे.' मी सह्या करत गेले. आणि एका सोमवारी गाडीत उभ्या उभ्या माझी नजर सर्वांत खालच्या ओळीवर गेली. ती ओळ मी इतके महिने वाचलीच नव्हती.

'प्रत कोणाला: गार्गी शिरोडकर.'

सही केलेल्या प्रत्येक रिपोर्टाचा फोटो मी फोनमध्ये ठेवत असे, ते सगळे काढून पाहिले. पहिल्यापासून प्रत्येकावर तेच.

आता आमच्याकडे नियम असा आहे, की प्रत पाठवायची ती तपासणाऱ्याने. लिहिणाऱ्याने नाही. शिरोडकरांनीच घालून दिलेला नियम. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी ते हा शिकवतात, मलाही शिकवला होता. म्हणजे काका समजत होते, की मुग्धा दर आठवड्याला गार्गीला प्रत पाठवते आणि गार्गी वाचून उत्तर देत नाही. आणि मी बया नुसत्या सह्या ठोकत होते. एक वर्ष! माझ्या एका वाचायच्या राहिलेल्या ओळीपायी.

काकांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. दुपारी वृंदाकाकूंना वेंगुर्ल्याला फोन लावला, गार्गीचा नंबर घेतला आणि सगळ्या रिपोर्टांचे फोटो एकामागून एक पाठवले. खाली लिहिलं, 'पाठवायला उशीर झाला. चूक तपासणाऱ्याची आहे.' पोरगी सात वर्षं शनिवारच्या मराठी शाळेत गेलेली, तिला वाचता येणार होतं. संध्याकाळपर्यंत निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही. शुक्रवारी एवढंच आलं: 'आंटी, व्हॉट टाइम बाबा फिश ऑन संडे?'

रविवारी मी उजाडताच जलाशयावर हजर. काकांना काही बोलले नाही. बोलले असते तरी त्यांनी वाक्य दुसरीकडेच नेलं असतं. अंकल रहीम स्टुलावर. काकांनी मिसळणाचा डबा उघडून हळदीच्या वाटीतला पिवळा बेडूक काढला, बांधला, लांब फेकला. तो वेलींवरून लचकत निघाला.

मागून चपलांचा आवाज आला. गार्गी. खांद्याला कापडी पिशवी, डोळे झोपेने सुजलेले. बालवाडीतल्या कुणीतरी तिच्या मनगटावर स्केचपेनने घड्याळ काढलेलं होतं. काकांनी मान वळवली आणि रॉड धरलेले हात तसेच राहिले.

"अगं," ते म्हणाले. पुढे काही नाही. शिरोडकरांना स्वतःचं वाक्य पूर्ण करता आलं नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

गार्गी त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. पाण्याकडे बघत म्हणाली, "बाबा, मी जरा—"

आणि पाणी फुटलं.

काय सांगू, असा बास मी काय, अंकल रहीमनीही त्या काठावर पाहिला नसेल. पिवळा बेडूक दिसेनासा झाला. काका हलले नाहीत. दोरा वेलींतून सरसरत खाली निघाला, ताठ झाला, रॉडचं टोक वाकलं. अंकल रहीम स्टूल पाडून उठले. "नाऊ! नाऊ! पुल!" माझ्या तोंडाशी 'ओढा' आलं होतं, मी ओढणी दातात धरली.

काका लेकीकडे बघत होते. ओठ हलत होते. सातू. दुआ. तिगा. तिगाच्या पुढचे आकडे त्यांना येत नाहीत. तरी ओठ हलतच राहिले.

"बाबा! युअर फिश!"

"जाऊ दे गं त्याला. तू बोल."

गार्गीने एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा बापाकडे. "मी जरा घरी येऊ का, असं विचारत होते. दर संडेला तेच विचारत होते, बाबा. तुम्ही फोन ठेवत होता."

दोरा सैल पडला. जरा वेळाने बेडूक आपला आखूड पाय वर करून पाण्यावर आला. अंकल रहीम कपाळाला हात लावून मलायमध्ये बरंच काही बोलले, ते मला कळलं नाही. काकांनी रॉड गवतावर ठेवला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा मोजलं आणि मग म्हणाले, "ये." मी डबा आवरायला घेतला, कारण माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मला कुणी 'का' विचारायला नको होतं.

सोमवारी गाडीत काकांनी रिपोर्ट दिला. सवयीने मी पेन काढलं आणि वाचायला लागले. या वेळी वरपासून खालपर्यंत, एकेक ओळ.

मासा का सुटला? झटका दिला नाही.

का दिला नाही? तिगा झाल्यावरही थांबलो.

का थांबलो? गार्गीचं वाक्य अर्धं होतं.

अर्धं का होतं? आजवर ते मी पूर्ण होऊ दिलं नव्हतं.

का होऊ दिलं नव्हतं? भीती वाटायची, की घरी येणार नाही असंच ती म्हणेल.

उपाययोजना: गरज नाही.

'तपासलं'पुढे सही करायला गेले तर तिथे आधीच सही होती. गार्गी शिरोडकर, गोल, बालवाडीच्या फळ्यावरच्या अक्षरात. आणि खाली, 'प्रत कोणाला'पुढे माझं नाव.

"काका, म्हणजे आता मी—" मी म्हटलं.

काका समोर बघत मोजत होते. तिगापर्यंत गेले, थांबले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हं. बोल."